शंभर माणसांची खिचडी

आपण बोलत असताना बाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकू लागायचा. करंगळीपासून सुरुवात, एका बोटाची तीन पेरं, चार बोटं झाली की बारा, आणि पुन्हा करंगळी. आमच्या सेक्टरमधल्या अर्ध्या बायकांचा पक्का समज होता की बाई फार धार्मिक आहेत, चालता-बोलता नामस्मरण करतात. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर एकदा हात जोडून विचारलं, "बाई, कोणाचं नाव घेता?"

"तुमचंच घेऊन राहिली," बाई म्हणाल्या. "चौतीस शब्द झाले. नळ कधी येते एवढंच विचाराचं होतं नं?"

बाई शब्द मोजायच्या. भिलाईच्या पोलाद प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. पंचवीस-सव्वीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचं बोलणं जोडून देण्यात गेली होती, आणि माणूस कामाचं एक वाक्य सांगायच्या आधी बिनकामाची किती वाक्यं खर्च करतो याचा त्यांच्याइतका अनुभव सगळ्या भिलाईत कोणाला नसेल. त्यातून त्यांना छंद कोणता, तर हौशी रेडिओचा. घरच्या वायरलेसवरून दुसऱ्या गावच्या तशाच हौशी माणसाशी बोलायचं. या मंडळींत निरोप पाठवण्याची एक रीत आहे. निरोपाच्या डोक्यावर त्यात किती शब्द आहेत तो आकडा लिहायचा. घेणाऱ्याने शब्द मोजायचे. आकडा जुळला तर निरोप पुरा आला. नाही जुळला तर पाठवणाऱ्याला परत विचारायचं. ही रीत बाईंच्या बोटांत इतकी मुरली होती की त्या भाजीवाल्याचंही बोलणं मोजत.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. एकटा साहू मॅडम म्हणायचा. साहू क्रेन चालवायचा, दुर्गजवळच्या गावचा, आणि तोही बाईंकडे रेडिओ शिकायचा. त्यांच्या बोलीत बायकोला बाई म्हणतात, त्यामुळे त्याची जीभ रेटत नसे.

माझी-त्यांची ओळख न पाहता झाली. मी लाखनीकडच्या खेड्यातला, घरात पहिलाच बी. एस्सी. झालेला. भिलाईला टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो तेव्हा टेबलावरचा काळा टेलिफोन उचलायची मला भीती वाटे. उचललाच तर शाळेत गुरुजींनी अर्ज लिहायला शिकवला होता त्या चालीवर बोलायचो. "नमस्कार, मी टाइम ऑफिसातून बोलतो आहे, आपणांस तसदी देत आहे याबद्दल क्षमा असावी, कृपया मला..."

"बाबू, नंबर," पलीकडून आवाज यायचा.

असं आठवडाभर झालं. नवव्या का दहाव्या वेळी तोच आवाज म्हणाला, "तू भंडाऱ्याकडचा काय रे?"

"हो. लाखनीजवळचा. आपण कसं..."

"तरीच. रविवारी क्लबाच्या गच्चीवर ये. तुले वीस शब्दांत बोलाले शिकवते."

मी गेलो. आमच्या सेक्टरच्या करमणूक क्लबाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून एक खोली होती. तिथे ठेंगणी, जाड चष्म्याची, सुती पातळाचा पदर कमरेला खोचलेली एक बाई जेवणाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात डाग देत बसली होती. डब्यात पोळ्या नव्हत्या. डब्यात मोडेम होता. त्यांनी तो स्वतः जोडला होता, आणि धातूच्या डब्यात ठेवला की बाहेरची खरखर आत शिरत नाही म्हणून डब्यातच बसवला होता. पुढे मी स्वतः पाहिलं आहे, की प्लांटच्या गेटवरचा शिपाई रोज त्यांना "खाने में क्या लाई हो?" विचारायचा आणि एकदा त्यांनी झाकण उघडून दाखवल्यावर दोन पावलं मागे सरकला होता.

आता ही काय चीज होती ते सांगतो, कारण तेव्हा भिलाईत ते फार थोड्यांना माहीत होतं. पावर हाउस नावाच्या बाजारातल्या एका कॉम्प्युटर क्लासने टाकून दिलेले दोन कॉम्प्युटर बाईंनी आणले होते. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. कळफलकावर निरोप टाइप करायचा, डब्यातला मोडेम त्याची चिरचिर करायचा, ती चिरचिर रेडिओवरून जायची आणि पलीकडच्या डब्यात शिरून परत अक्षरं व्हायची. आवाज म्हणाल तर कोंबडीच्या घशात रेल्वेची शिटी अडकावी तसा. मधेच एखादा तुकडा हरवला तर पलीकडचं यंत्र आपण होऊन पुन्हा मागायचं. बाईंना या गोष्टीचं फार कौतुक होतं. "पाह्य," त्या म्हणायच्या, "हे अंदाज नाही करत. नाही समजलं तं विचारते. माणसाले एवढं जमत नाही."

पूर आला, भूकंप झाला, टेलिफोन बंद पडले तर निरोप असे पाठवता यावेत, म्हणून दर रविवारी सराव. क्लबातले लोक हसायचे. टेलिफोन बंद पडायला भूकंप कशाला लागतो, असं म्हणायचे. त्यांचंही खरं होतं.

पहिल्या रविवारी बाईंनी मला सांगितलं, "जुनवानी गावात पाणी शिरलं, होडी पाठवा, असा निरोप लिही." कॉम्प्युटरवर नागरी नव्हती. हिंदी रोमन अक्षरांत लिहायची. मी मन लावून लिहिलं. बाईंचा अंगठा चालू झाला, तीनदा पूर्ण फेरी करून चौथ्या फेरीत शिरला.

"एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "यातला नमस्कार काढू?"

"काढा."

"आपला आज्ञाधारक?"

मी शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"बाबू, माणूस झाडावर चढून बसला आहे. तू त्याले आज्ञाधारक लिहाले लावून राहिला."

साहू इतका हसला की स्टुलावरून पडला. मीही हसलो. मला आठवतं, त्या खोलीत आम्ही जेवढं हसलो तेवढं मी कॉलेजातही हसलो नव्हतो. कॉलेजात मला सतत वाटे, आपण चुकून आत आलो आहोत आणि कोणीतरी बाहेर काढणार. त्या गच्चीवर तसं कधी वाटलं नाही. वर्षभरात बाईंनी मला हौशी रेडिओच्या परीक्षेला बसवलं, लायसन्सचा अर्ज भरून घेतला. त्या अर्जात मात्र "सविनय" राहू दिला. म्हणाल्या, "सरकारले लागते."

आता खोलीबद्दल. ती आमची नव्हती. क्लबाच्या कमिटीने एका वर्षासाठी वापरायला दिली होती आणि ते वर्ष संपत आलं होतं. खाली कॅरम खेळणाऱ्यांची हॉलमध्ये बॅडमिंटनवाल्यांमुळे फार आबाळ व्हायची. ऐन राणीच्या वेळी बोर्डावर फूल येऊन पडायचं. त्यामुळे त्यांना आमची खोली हवी होती. त्यांचे सेक्रेटरी रोलिंग मिलमधले तेलुगू गृहस्थ, उंच, कपाळाला गंध, अत्यंत सभ्य. ते दर रविवारी मोजपट्टी घेऊन वर यायचे.

"सिर्फ़ नाप रहा हूँ, बहनजी."

"नापिए," बाई म्हणायच्या आणि पट्टीचं दुसरं टोक धरायच्या.

महिनाभर हे चाललं. खोली तेवढीच होती, पण सेक्रेटरींना दर वेळी नव्याने खात्री करून घ्यायची असे. पट्टी धरता धरता बाई त्यांना त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं विचारायच्या.

खोली गेली तर सगळंच जाणार होतं, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. अँटेना उंचावर हवी. बाईंचं क्वार्टर तळमजल्यावर, वर दोन बिऱ्हाडं. गच्चीवर तार दिसली की वीज पडेल म्हणून भांडण. साहू गावाहून यायचा. मी तर एका काकांच्या घरी पडवीत खाट टाकून राहत होतो. बाईंनी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण त्या सुमारास त्या डाग देताना वारंवार बोट भाजून घ्यायच्या.

शेवटी कमिटीने तोडगा काढला. टाउनशिपच्या ऑफिसात आणीबाणीच्या तयारीचं काम पाहणारे एक साहेब होते. त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक द्यायचं. जुनवानीच्या शाळेतून निरोप निघेल, यंत्राने क्लबाच्या खोलीत येईल, तिथून टेलिफोनने पावर हाउसच्या व्यापारी मंडळाकडे, म्हणजे मदत पाठवणाऱ्यांकडे, जाईल. साहेब म्हणाले पास, तर खोली कायमची. नापास, तर कॅरम. साहेब जुनवानीत बसणार, सेक्रेटरीही साक्षीला तिथेच.

बाई आदल्या आठवड्यात पावर हाउसला जाऊन मंडळाच्या शेटजींना भेटून आल्या. शेटजी कांदा-बटाट्याचे ठोक व्यापारी, आणि कोणाला काही द्यायची संधी मिळाली की आनंदाने लाल होणारे. बाईंनी त्यांना बजावलं, की प्रत्येक सरावाच्या निरोपाच्या आरंभी आणि शेवटी 'अभ्यास', म्हणजे हिंदीतला सराव, हा शब्द असतो. तो असला तर निरोप वहीत लिहून घ्यायचा आणि 'मिला' म्हणायचं, बाकी काही करायचं नाही.

"और न हो तो?" शेटजींनी विचारलं.

"न हो तो सच समझिए."

रविवारी सकाळी दोन सायकलरिक्षा आल्या. एका रिक्षात गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, त्याला दोन्ही हातांनी कवटाळून साहू. दुसऱ्या रिक्षात ट्रकची बॅटरी, आडवी बांधलेली अँटेना आणि मांडीवर मोडेमचा दुसरा डबा घेतलेल्या बाई. वाटेत कोणीतरी साहूला विचारलं, "अस्पताल ले जात हस का?" साहू म्हणाला, "हव, गॅस होगे हे." त्याने मला हे नंतर सांगितलं. मी खोलीतच थांबलो होतो, मधल्या स्टेशनवर, एकटा. पहिल्यांदाच एकटा. बाई जाताना म्हणाल्या, "काही अडलं तं विचार." चार शब्द.

पावणेदहाला पडद्यावर हिरवी अक्षरं येऊ लागली. मी कागद पुढे ओढला. आकडा आला: सात. मग निरोप आला. तो तसाच्या तसा मला पाठ आहे.

अभ्यास. जुनवानी स्कूल में सौ लोग. खाना भेजिए. अभ्यास.

मी मोजलं. नऊ. पुन्हा मोजलं. नऊच.

जुळलं नाही तर परत विचारायचं, हे मला झोपेतही ठाऊक होतं. पण साहेबांचं घड्याळ चालू होतं. परत विचारलं तर पलीकडे साहेबांसमोर दिसणार की गोंधळ आहे. आणि खरं सांगू का, मला विचारायची लाज वाटली. शाळेत ज्याने गणित विचारलं तो ढ. मी कधी विचारलं नव्हतं, मी सोडवलं होतं. मी कागदाकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नऊतून दोन गेले की सात. आणि त्या निरोपात दोनच शब्द असे होते, की ज्यांचा शंभर लोकांशी आणि जेवणाशी काही संबंध नव्हता. एक पहिला, एक शेवटचा; दर रविवारी लिहून लिहून त्यांचा अर्थच मला दिसेनासा झाला होता. बाईंनीच तर मला वर्षभर बिनकामाचे शब्द काढायला शिकवलं होतं. मी दोन्हींवर सुरेख रेघ मारली. सात. इतकं चोख जुळलं, की मला स्वतःचा अभिमान वाटला.

टेलिफोन फिरवला. शेटजींनीच उचलला. मी सात शब्द सावकाश वाचले.

"सच में?"

मला वाटलं, काय समरस झाले आहेत. मीही गंभीर आवाज काढला. "जी. सौ लोग."

"अरे राम. खिचड़ी चलेगी?"

"चलेगी, शेटजी," मी म्हणालो आणि फोन खाली ठेवून वहीत लिहिलं: निरोप पोचला, नऊ वाजून एक्कावन्न मिनिटं.

पुढचा दीड तास मी सुखात होतो. एकदा सेक्रेटरींनी भिंतीवर पेन्सिलीने केलेली खूणसुद्धा खोडरबराने पुसली. मग पडद्यावर अक्षरं उमटू लागली. आकडा नाही, काही नाही. बाई थेट टाइप करत होत्या, आणि त्यांच्याकडून आकड्याशिवाय आलेली ती पहिलीच ओळ.

टेम्पो आया है.

मग थोडी चिरचिर.

खिचड़ी है. बहुत है. किसने मँगाई?

मी कागद उचलला, रेघ मारलेले दोन शब्द पाहिले, आणि मला कळलं. काकांची सायकल खाली होती. सेक्टरपासून जुनवानीपर्यंत मी ती कशी हाणली ते माझं मला माहीत नाही. वाटेत कुठेतरी एक चप्पल पडली, तिच्यासाठी थांबलो नाही.

शाळेच्या पटांगणात काय दृश्य होतं. मध्ये टेम्पो. टेम्पोत दोन हंडे, वाफ निघते आहे. शेटजी स्वतः बाह्या सारून पळीने वाढताहेत आणि दर वाढीला इकडे-तिकडे पाहताहेत, की पूरग्रस्त कुठे आहेत. पूर नव्हताच, ऊन होतं. पण रविवारी सकाळी शाळेत खिचडी वाटली जाते आहे ही बातमी रेडिओच्याही आधी जुनवानीत पसरली होती. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, गुरं घेऊन निघालेले, सगळे पळसाच्या पानांवर घेऊन ओळीने बसले होते. मोजले असते तर शंभर भरले असते. साहेब खुर्चीवर बसून खात होते. सेक्रेटरी उभ्याने खात होते, आणि त्यांचा चेहरा पडला होता.

"वाह," साहेब म्हणाले. "मैसेज भी आया, खाना भी आया. ऐसा डेमो मैंने नहीं देखा. पास. बहनजी, कमरा आपका."

साहूने मला उचलून घेतलं. मी जमिनीवर आलो तेव्हा बाई समोर होत्या. त्यांनी हात पुढे केला. मी घामाने ओला झालेला कागद दिला. त्यांनी तो साहूच्या कागदाशेजारी धरला.

"हे दोन कोणं काढले?"

"मी."

"कावून?"

"आकडा सात होता. नऊ शब्द आले."

बाईंनी साहूकडे पाहिलं. साहू म्हणाला, "मैडम, अभ्यास को नहीं गिना. वो तो लिफ़ाफ़ा है न. चिट्ठी तो अंदर की गिनते हैं." आणि तो मनापासून म्हणत होता.

बाईंनी साहूचा कागद त्याला परत दिला. मग मला म्हणाल्या, "त्यानं चुकीचा आकडा टाकला. ते तुले दिसलं. दिसलं म्हणजे अर्धं काम झालं होतं, बाबू. विचारलं कावून नाही?"

मी सांगितलं, "लाज वाटली."

मी काय अपेक्षा केली होती कोण जाणे. बाई हसल्या. म्हणजे अगदी थोडं, डोळ्यांनी. मग त्या साहेबांपुढे गेल्या.

"साहब, पास मत कीजिए. मैसेज ग़लत गया है."

साहेबांचा घास हातात राहिला. "अरे बहनजी, खाना तो आ गया."

"आज लोग नहीं थे, फिर भी खाना आया. कल लोग होंगे और खाना नहीं आएगा. दोनों एक ही ग़लती है."

"लेकिन ये तो किसी को पता भी नहीं चलता."

"हाँ," बाई म्हणाल्या. "इसीलिए बता रही हूँ."

साहूने डोक्याला हात लावला. मी धावत बाईंच्या मागे गेलो आणि म्हणालो, "बाई, राहू द्या नं. खोली जाईन." बोलताना तोंडून माझी गावची बोली निघाली होती. त्यांनी साहेबांच्या हातातला फॉर्म घेतला, उलटा केला आणि माझ्यासमोर धरला. "लिही. काय आलं, काय गेलं. सही कर. जेवढं झालं तेवढंच लिहाचं, माफी-गिफी नको."

मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. कायमही झालो नव्हतो. साहेबाच्या कागदावर स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात लिहायची म्हणजे नोकरीच धोक्यात. पण लिहिलं. नऊ आले, सात पाठवले, विचारलं नाही. खाली सही. बाईंनी वाचलं आणि त्याखाली स्वतःची सही केली. साहूने आपण होऊन लिहिलं, 'गिनती मेरी', आणि सही केली.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. ते वाईट नव्हते. म्हणाले, "बहनजी, मैं कमिटी को यही भेजूँगा. फिर कमरा मेरे हाथ में नहीं."

"जी," बाई म्हणाल्या. मग शेटजींकडे गेल्या आणि त्यांना सगळं समजावून सांगून माफी मागितली. शेटजींनी पळी हंड्यात टेकवली, ओळीने बसलेल्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाले, "किस बात की माफ़ी? खा तो रहे हैं. अगले इतवार भी ग़लती कर लो."

परत येताना आम्ही सगळे त्याच टेम्पोतून आलो. मागे रिकामे हंडे, कॉम्प्युटर, माझी सायकल, साहू, मी आणि बाई. अँटेना आडवी मावेना म्हणून बाईंनी ती उभी धरली होती. पुढे शेटजींच्या शेजारी सेक्रेटरी. खड्डा आला की हंडे घणघणायचे आणि साहू हंड्यांना "मिला, मिला" म्हणायचा. खोली गेली होती. तरी काय झालं कोण जाणे, पहिल्यांदा बाईंना हसू फुटलं, मग आम्हाला. सेक्टर येईपर्यंत थांबेना. सेक्रेटरी मागे वळून वळून पाहत होते. हरलेले लोक असे हसतात, हे त्यांना नवीन असावं.

महिन्याच्या पहिल्या तारखेला कॅरमवाले दोन बोर्ड घेऊन गच्चीवर आले. बाईंनी आधीच सगळं पत्र्याच्या पेटीत भरलं होतं. टेबल तेवढं दाराशी ओढायचं राहिलं होतं. सेक्रेटरी टेबलाकडे पाहत उभे राहिले.

"ये कहाँ जाएगा?"

"घर."

"आपका घर तो नीचे है. ऊपर तार कौन लगाने देगा?"

"देखते हैं."

सेक्रेटरींनी खिशातून मोजपट्टी काढली. इतक्या वेळा मोजलेली खोली त्यांनी पुन्हा मोजली. बाईंनी सवयीने दुसरं टोक धरलं. मग सेक्रेटरी टाकीकडचा कोपरा दाखवत आपल्या माणसांना म्हणाले, "इस कोने में बोर्ड बैठता ही नहीं. कोहनी दीवार को लगती है." त्या कोपऱ्यात तीन बोर्ड बसले असते. "टेबल इधर रहने दो, बहनजी. बस वो चिड़िया ज़रा धीरे."

अशी पुढची दीड-दोन वर्षं गेली. एका बाजूला सोंगट्यांचा खटखटाट, बोरिक पावडरचा धुरळा, दुसऱ्या बाजूला आमची चिरचिर. पावडर कळफलकात शिरायची, साहू फुंकून काढायचा. ऐन नेम धरताना मोडेम ओरडला की कॅरमवाले ओरडायचे. ऐन निरोप येताना राणी गेली की त्यांचा जल्लोष व्हायचा आणि बाई मान वर न करता म्हणायच्या, "बधाई हो." एकमेकांसाठी कोणी थांबलं नाही. तशी अपेक्षाही नव्हती. मी त्या गोंगाटात शेकडो निरोप घेतले, आणि जिथे जुळलं नाही तिथे विचारलं. आता मी भिलाईत नाही, हाताखाली माणसं आहेत, आणि कोणी मला न समजलेलं विचारायला आलं की मी त्याला आधी बसायला खुर्ची देतो.

मग बाई निवृत्त झाल्या. भंडाऱ्याकडे, भावाच्या गावी जायचं ठरलं. क्वार्टर सोडायच्या आधीचा शेवटचा रविवार होता. निरोपही साधाच, नेहमीच्या सरावाचा, राजनांदगावच्या एका मास्तरांना पाठवायचा. बाई टेबलाशी बसल्या, पाठ बोर्डांकडे. आठ जण खेळत होते. बाईंनी टाइप केलं, बटण दाबलं. चिरचिर सुरू झाली.

ती मला इतकी स्पष्ट कधी ऐकू आली नव्हती. पलीकडून येणारं बारीक उत्तरसुद्धा ऐकू येत होतं. बाईंनाही ते जाणवलं असावं. त्यांनी मागे वळून पाहिलं.

आठही जण हात मांडीवर ठेवून बसले होते. सेक्रेटरींची पाळी होती. राणी भोकाच्या अगदी काठावर होती, फुंकर मारली तरी गेली असती.

"क्या हुआ?" बाई म्हणाल्या. "खेलिए न."

कोणीही स्ट्रायकरला हात लावला नाही.